खासदाराची भूमिका आणि आपला सातबारा

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण पूर्ण वाचा.

लोकसभेची निवडणूक आली की आपल्या देवरूख पट्ट्यात उमेदवाराला विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. आमच्या वाडीची पाखाडी कधी होणार? साकव कधी? देवळापुढच्या सभामंडपाला निधी देणार का? मोबाईलला रेंज कधी येणार? प्रश्न खरे आहेत, गरजाही खऱ्या आहेत. पण यातली निम्मी कामं ग्रामपंचायतीची, काही जिल्हा परिषदेची आणि उरलेली बरीचशी आमदाराची. खासदाराचं पहिलं काम वेगळंच आहे. तो दिल्लीत बसून कायदे करतो, किंवा होऊ देत नाही. कुठल्या कायद्याला हात वर करणार आणि कुठल्याला नाही, हे मात्र त्याला कुणी विचारत नाही. एखाद्याने विचारलंच तर शेजारचा म्हणतो, "अहो, ते राष्ट्रीय प्रश्न टीव्हीवर. आपल्याला काय त्याचं?"

आपल्याला काय त्याचं, याचंच उत्तर आज द्यायचं आहे. ते आपल्याच इतिहासात सापडतं.

आजचा रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेतून झाला. त्याआधी रत्नागिरी आणि राजापूर असे दोन वेगळे मतदारसंघ होते. १९५७ च्या निवडणुकीत या दोन्ही ठिकाणी काँग्रेस हरली. राजापुरातून प्रजा समाजवादी पक्षाचे बॅरिस्टर नाथ पै निवडून आले, तर रत्नागिरीतून जनसंघाचे प्रेमजीभाई आसर. त्या वर्षी अख्ख्या देशात जनसंघाचे फक्त चार खासदार निवडून आले. त्यातले एक अटलबिहारी वाजपेयी आणि एक आपले आसर. समाजवादी आणि जनसंघ एका बाजूला कसे? कारण संयुक्त महाराष्ट्र समिती. मुंबईसह मराठी राज्य हवं की द्विभाषिक, हा त्या निवडणुकीचा प्रश्न होता. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांनी राज्यरचनेसारख्या मोठ्या धोरणावर मत दिलं, आणि तेही पक्ष बाजूला ठेवून. त्यांच्या वाड्यांना तेव्हा रस्ते होते असं नाही. आपल्यापेक्षा कमीच होते.

नाथ पै यांचा जन्म वेंगुर्ल्याचा, १९२२ सालचा. १९५७, १९६२, १९६७ असे सलग तीन वेळा ते राजापुरातून निवडून आले. त्यांच्या वक्तृत्वाबद्दल आजही म्हातारी माणसं भरभरून बोलतात. पण वक्तृत्वावर पुष्कळ लिहून झालंय. मला त्यांच्या एका भूमिकेबद्दल लिहायचंय. ती समजून घ्यायला आधी खोतीकडे जावं लागतं.

खोती म्हणजे काय हे इथे कुणाला नव्याने सांगायला नको. सरकार आणि कूळ यांच्या मधे खोत. कष्ट कुळाचे आणि पिकातला मोठा वाटा, कित्येक ठिकाणी निम्मा, खोताचा. वर वेठ वेगळी. (वाचकांत खोत घराण्यांतले मित्रही आहेत. कुणाचं उणंदुणं काढायचं नाही, पद्धत कशी होती तेवढंच सांगतोय.) डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढच्या जानेवारीत कोकणातले शेतकरी त्या मागणीसाठी मुंबईत मोर्चाने धडकले. तरी प्रत्यक्ष खोती निर्मूलनाचा कायदा लागू व्हायला १९५० उजाडलं. त्याच्या जोडीला १९४८ चा कूळ कायदा होताच.

आता इथे पेच आला. १९५० सालीच आपली राज्यघटना लागू झाली आणि तिच्यात मालमत्तेचा हक्क हा मूलभूत हक्क होता. देशभर जमीनदार कोर्टात गेले. आमची जमीन घेता म्हणजे आमचा मूलभूत हक्क मोडता, असा त्यांचा दावा. तो कायद्याला धरून होता, त्यामुळे जमीनसुधारणा अडकायला लागल्या. त्यावर १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती झाली आणि घटनेला नववं परिशिष्ट जोडलं गेलं. या परिशिष्टात जे कायदे टाकले, ते मूलभूत हक्कांच्या विरोधात आहेत म्हणून कोर्टाने रद्द करायचे नाहीत, असं ठरलं. सुरुवातीला त्यात तेरा कायदे होते. दुसऱ्या क्रमांकावर मुंबईचा कूळ कायदा, आणि त्याच तेरांत मुंबईचा खोती निर्मूलन कायदा.

पुन्हा सांगतो. देशाच्या घटनेच्या पहिल्या दुरुस्तीत ज्या तेरा कायद्यांना संरक्षण मिळालं, त्यातला एक थेट आपल्या रत्नागिरी-कुलाब्याच्या मातीतला होता. ज्यांच्या घरात ३२ ग ची सुनावणी झाली, ३२ म चा दाखला मिळाला, ज्यांचं नाव सातबाऱ्याच्या इतर हक्कातून उचलून मालकाच्या रकान्यात आलं, त्यांच्या जमिनीमागे दिल्लीतली ही दुरुस्ती उभी आहे. आमच्याही घरात असा एक कागद ट्रंकेत जपून ठेवलेला आहे. तुमच्यापैकी अनेकांकडे असेल.

आता १९६७. २७ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. गोलकनाथ हे पंजाबातलं मोठं जमीनदार कुटुंब. सहा विरुद्ध पाच अशा एका मताच्या फरकाने कोर्टाने सांगितलं की, संसदेला यापुढे मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती करता येणार नाही. जुन्या दुरुस्त्या कोर्टाने मोडल्या नाहीत, त्यामुळे खोतीचा कायदा वाचला. पण पुढचं दार बंद झालं. यापुढे जमिनीचं फेरवाटप करणारा नवा कायदा मालमत्तेच्या हक्कावर आपटला, तर त्याला घटनादुरुस्तीचा आधार देता येणार नव्हता.

त्याच एप्रिलात नुकतेच तिसऱ्यांदा निवडून आलेले नाथ पै लोकसभेत खासगी विधेयक घेऊन उभे राहिले. मंत्री नव्हते, सरकार पक्षाचे नव्हते, छोट्या पक्षाचे खासदार. विधेयकाचा गाभा एवढाच की, मूलभूत हक्कांसह घटनेचा कुठलाही भाग दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला आहे, हे घटनेतच स्पष्ट लिहावं. संसद लोकांनी निवडलेली असते, लोकांना उत्तर देते आणि सामाजिक न्यायाचं काम तिने करायचं आहे, हा त्यामागचा विचार. खोतीच्या मुलखातून आलेल्या समाजवादी खासदाराने ही भूमिका घ्यावी यात नवल नाही.

पण विरोधही तेवढाच जोरदार झाला. नामवंत वकील नानी पालखीवाला त्यात आघाडीवर होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, आज तुम्ही मालमत्तेसाठी हे दार उघडताय, उद्या त्याच दारातून कुणी भाषणस्वातंत्र्य आणि जगण्याचं स्वातंत्र्य बाहेर काढेल. मूलभूत हक्क बहुमताच्या हवाली केले तर ते मूलभूत कसले?

विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, त्यावर देशभर चर्चा झाली, पण ते मंजूर झालं नाही. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभाच बरखास्त झाली. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात नाथ पैंचं निधन झालं. वय अवघं ४८.

पुढे काय झालं ते मात्र आपण नीट पाहायला हवं. मार्च १९७१ मध्ये इंदिरा गांधी प्रचंड बहुमताने आल्या आणि त्याच वर्षाच्या अखेरीस २४ वी घटनादुरुस्ती झाली. नाथ पैंनी जे मागितलं होतं तेच तत्त्व तीत होतं: संसद घटनेचा कुठलाही भाग दुरुस्त करू शकते, मूलभूत हक्कसुद्धा. ही दुरुस्ती इंदिराबाईंच्या सरकारची, नाथ पैंच्या नावावर ती टाकता येणार नाही. पण विचार तोच होता. एप्रिल १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती मान्य केली, मात्र एक कुंपण घातलं: दुरुस्ती करा, पण घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. तेही सात विरुद्ध सहा. तिथे सरकारविरुद्ध बाजू मांडणारे वकील पुन्हा पालखीवालाच.

त्या १९७१ च्या लाटेतही राजापूरने समाजवादीच निवडला. प्रा. मधू दंडवते. मूळचे अहमदनगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे, गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात मार खाल्लेले. नाथ पैंच्याच पक्षाचे आणि नाथ पैंच्याच जागेवर.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. पक्षांतरबंदीच्या प्रस्तावित कायद्यावर विचार करणाऱ्या संसदीय समितीच्या कामासाठी दंडवते तेव्हा बंगळूरला होते. वाजपेयी, अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र हेही तिथेच. दुसऱ्या दिवशी चौघांनाही अटक झाली. आपल्या राजापूरचा खासदार, आरोप नाही, खटला नाही, आणि बंगळूरच्या तुरुंगात. पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. तो काळ दोघांनी एकमेकांना पत्रं लिहून काढला.

बाहेर संसदेत काय चाललं होतं? ३८ व्या दुरुस्तीने आणीबाणीच्या घोषणेला कोर्टात आव्हान देता येईना. ३९ व्या दुरुस्तीने पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या कक्षेबाहेर नेली. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने तर कुठल्याच घटनादुरुस्तीवर कोर्टाने प्रश्न विचारायचा नाही असं लिहून टाकलं आणि लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षं केली. हे सगळं संसदेने, बहुमताने, रीतसर केलं. विरोधी खासदार तुरुंगात असताना केलं.

दंडवते आणि त्यांच्या सोबतच्यांनी कर्नाटक उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचे अर्ज केले. देशभर असे अर्ज झाले होते. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने सांगितलं की, आणीबाणीत अटकेविरुद्ध दादच मागता येणार नाही. या सुनावणीत न्या. खन्नांच्या प्रश्नावर सरकारच्या वकिलाला कबूल करावं लागलं होतं की, एखाद्याचा जीव बेकायदा घेतला गेला तरी आणीबाणी असेपर्यंत कोर्ट काही करू शकणार नाही. विरोधातलं एक मत होतं ते याच न्या. खन्नांचं.

म्हणजे बघा, एकाच जागेवरून, एकाच पक्षाचे दोन खासदार. पहिल्याने सांगितलं, कुळाला जमीन मिळायची तर संसदेचे हात बांधू नका. दुसऱ्याने तुरुंगात बसून पाहिलं, हात मोकळे असलेली संसद काय करू शकते.

मग नाथ पै चुकले का? मला हा प्रश्न इतका सोपा वाटत नाही. त्यांच्यासमोरचा अन्याय खरा होता. मालमत्तेचा हक्क तेव्हा ज्यांच्याकडे मालमत्ता होती त्यांनाच कामाला येत होता. पण पालखीवालांची भीतीही खरी ठरली, आणि आठेक वर्षांत. मधला मार्ग निघाला तो १९७७ नंतर.

जनता सरकारात दंडवते रेल्वेमंत्री होते. त्या सरकारने १९७८ साली ४४ वी घटनादुरुस्ती केली. तिने दोन कामं केली. एक, मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढला आणि कलम ३०० अ मध्ये साधा कायदेशीर हक्क म्हणून ठेवला. दोन, आणीबाणीतसुद्धा जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क स्थगित करता येणार नाही असं घटनेत लिहिलं, आणि अंतर्गत आणीबाणीसाठी 'सशस्त्र उठाव' ही कडक अट घातली. म्हणजे नाथ पैंना जे अडत होतं ते बाजूला केलं, आणि ज्या गोष्टीसाठी दंडवते तुरुंगात बसले तिला कुलूप लावलं. ४२ व्या दुरुस्तीतलं "कोर्टाने विचारायचं नाही" हे कलम मात्र तेव्हा निघालं नाही. ते १९८० साली मिनर्व्हा मिल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं.

गोष्ट इथे संपली असती तर छानच होतं. पण आपल्यासाठी ती इथून पुढेच महत्त्वाची आहे.

मालमत्तेचा हक्क दुबळा केला तेव्हा डोळ्यासमोर मोठा जमीनदार होता. आज कोकणात मोठा जमीनदार कुठे राहिलाय? कालचं कूळ आज मालक आहे. वीस गुंठे भातशेती, चार कलमं आंब्याची, थोडी काजूची बाग, सातबाऱ्यावर सतरा नावं आणि त्यातली बारा मुंबईत. आता जमीन घ्यायला सरकार येतं ते या माणसाकडे. आणि हा माणूस मूलभूत हक्क मोडला म्हणून थेट सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावू शकत नाही. सरकारने कायद्याने घेतली ना, मग झालं. प्रश्न उरतो एवढाच की, तो कायदा कसा आहे. आणि तो कायदा करतो खासदार.

१८९४ चा इंग्रजांचा भूसंपादन कायदा आपण २०१३ पर्यंत वापरला. जैतापूरच्या अणुप्रकल्पाची जमीन त्याच कायद्याने घेतली गेली. २०१३ च्या नव्या कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास आणला, खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधितांची संमती आणली, मोबदला वाढवला. डिसेंबर २०१४ मध्ये या अटी सैल करणारा अध्यादेश आला, विरोध झाला, आणि २०१५ मध्ये तो सरकारने सोडून दिला. या भांडणात आपला मतदारसंघ कुठे उभा होता, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

अजून एक बारीक गोष्ट. या २०१३ च्या कायद्याला चौथी अनुसूची आहे. तीत तेरा केंद्रीय कायदे आहेत, ज्यांखाली जमीन घेताना या कायद्याची प्रक्रिया लागत नाही. त्यांत राष्ट्रीय महामार्ग कायदा आहे, रेल्वे कायदा आहे, अणुऊर्जा कायदा आहे. वाढीव मोबदला २०१५ पासून त्यांनाही लागू झाला, पण परिणामांचा अभ्यास नाही. आता आपला नकाशा डोळ्यासमोर आणा. संगमेश्वरातून मुंबई-गोवा महामार्ग, साखरप्यातून मिऱ्या-नागपूर महामार्ग, खाली कोकण रेल्वे, दक्षिणेला जैतापूर. कोकणात जमीन जाते ती मुख्यतः ज्या कारणांनी, नेमकी तीच कारणं या सवलतीत आहेत. १९५१ मध्ये तेरा कायद्यांच्या यादीने आपल्याला जमीन दिली. आज दुसरी एक तेरा कायद्यांची यादी आहे, आणि तिचं नावही आपल्याला माहीत नाही.

नाणारच्या वेळी प्रचारात मी ऐकलं ते एवढंच: प्रकल्प हवा की नको. २०१९ च्या लोकसभेच्या तोंडावर तिथली भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. २०२३ मध्ये बारसूला माती परीक्षणावरून पुन्हा तेच. प्रकल्प हवा म्हणणारे आणि नको म्हणणारे दोघेही माझे मित्र आहेत आणि दोघांकडे कारणं आहेत. पण जमीन कुठल्या कायद्याने घेणार, संमती कुणाची मोजणार, मुंबईतल्या नावांचं काय करणार, हे दोन्ही बाजूंच्या सभांत मला ऐकू आलं नाही.

कुणी म्हणेल, घटनेवर भाषणं करून या लोकांनी कोकणाला दिलं काय? तर कोकण रेल्वे घ्या. वर्षानुवर्षं मागणी होती आणि पैसा नाही हे उत्तरही ठरलेलं. १९९० मध्ये दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना वेगळं महामंडळ काढायचं, चार राज्यांना भागीदार करायचं आणि रोख्यांतून पैसा उभा करायचा असं ठरलं. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला. ज्याला देशाचं अर्थकारण कळतं त्यालाच आपल्या गाडीसाठी पैसा कुठून काढायचा हेही कळतं. आणि हेही लक्षात ठेवा की, १९९१ मध्ये त्याच दंडवत्यांना आपण पाडलं.

म्हणून माझी सूचना साधी आहे. पुढच्या वेळी कुठल्याही पक्षाचा उमेदवार देवरूखात आला की पाखाडी जरूर मागा. पण सोबत तीन प्रश्न विचारा. भूसंपादन कायद्याची ती चौथी अनुसूची तशीच ठेवणार का? घटनादुरुस्ती आली तर पक्षाचा आदेश सोडून तुमचं स्वतःचं मत काय? आणि तिसरा सगळ्यात महत्त्वाचा: जो अधिकार तुम्ही आज सरकारसाठी मागताय, तो उद्या तुमच्या विरोधकाच्या हातात गेला तरी तुम्हाला चालेल का?

नाथ पै आणि पालखीवालांचा सगळा वाद या तिसऱ्या प्रश्नात होता. आपल्या उमेदवाराला त्याचं उत्तर नसेल तर निदान तो विचार करायला लागेल.

ज्यांच्या घरी खोतीच्या किंवा कूळ कायद्याच्या वेळचे कागद आहेत त्यांनी ते नीट जपा, त्यांचे फोटो काढून ठेवा. आणि मुलांना दाखवा. दिल्लीत कोण काय बोललं याचा आपल्या घराशी काय संबंध, हे त्यांना त्या कागदावरून लवकर कळेल.